प्रिलिमनंतरची बॅच

“प्रिलिमला भूमितीत चाळीसपैकी अकरा. आणि तुम्ही त्याच्या आईला सांगितलंत, चाळीस दिवसांत पंचविसावर नेतो म्हणून. कशाच्या जोरावर, सर?”

“पहिल्या दोन प्रश्नांच्या जोरावर, बाई.”

हा वाद नवी मुंबईतल्या खारघरमध्ये जानेवारीच्या अखेरीस हटकून रंगतो. शाळांच्या पूर्वपरीक्षांचे तपासलेले पेपर घरी येतात, आई-वडिलांचे चेहरे उतरतात आणि दुकानांच्या वरच्या मजल्यांवर ‘रिव्हिजन बॅच’, ‘क्रॅश कोर्स’, ‘टेस्ट सिरीज’ असे फलक लागतात. १७ नोव्हेंबर २०२३ला बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. तेव्हापासून तळोजा-पेंधरकडच्या मुलांना संध्याकाळी पाठीवर दप्तर टाकून उत्सव चौकात उतरणं सोपं झालं आहे. या लेखातल्या बाई मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या आहेत, तर सर अशाच एका वरच्या मजल्यावर क्लास चालवतात. दोघं कल्पित आहेत, दोन भूमिकांचे प्रतिनिधी आहेत. त्यांच्या तोंडी येणारे नियम, तारखा आणि प्रयोग मात्र खरे आहेत.

सर उत्तर देताना पाठ्यपुस्तक उघडत नाहीत, प्रश्नपत्रिकेचा आराखडा उघडतात. दहावीच्या गणिताचे दोन भाग आहेत. बीजगणित चाळीस गुणांचं, भूमिती चाळीस गुणांची आणि प्रत्येक पेपरला दोन तास. पहिला प्रश्न आठ गुणांचा असतो: चार बहुपर्यायी आणि चार एकेका गुणाची उदाहरणं. दुसऱ्यात बारा गुण. त्यातले चार ‘कृती पूर्ण करा’ला. तिथे अख्खं उदाहरण सोडवून दिलेलं असतं, फक्त मधल्या चौकटी भरायच्या असतात. उरलेले आठ दोन-दोन गुणांच्या उदाहरणांना.

“म्हणजे अर्धा पेपर इथेच झाला,” सर म्हणतात. “या मुलाचा प्रिलिमचा पेपर मी पाहिला. कृतीच्या चौकटी कोऱ्या सोडल्यात त्याने. येत नाही म्हणून नाही, लांबलचक दिसलं म्हणून. तिथे पेन कसं टेकवायचं हे शिकवायला वर्ष लागत नाही, बाई. चार रविवार पुरतात.”

“आणि तिसऱ्या प्रश्नाचं प्रमेय?”

“पाठ करून घेतो. आयएमपी प्रश्नांची यादी काढून दिलीय.”

बाईंनी पाठकोरा कागद ओढून त्यावर एक वर्तुळ काढलं. बाहेर एक बिंदू घेऊन तिथून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढल्या. बाह्य बिंदूपासून वर्तुळाला काढलेले स्पर्शिकाखंड एकरूप असतात, हे प्रमेय दहावीतला जवळपास प्रत्येक मुलगा झोपेतही म्हणून दाखवेल. मग त्याच वर्तुळाभोवती त्यांनी चौकोन काढला. चारही बाजू वर्तुळाला टेकलेल्या. सिद्ध करायचं ते एवढंच, की समोरासमोरच्या बाजूंच्या दोन्ही बेरजा सारख्या येतात. चौकोनाचा प्रत्येक कोपरा हाच तो बाहेरचा बिंदू. चार कोपरे म्हणजे सारख्या खंडांच्या चार जोड्या. त्या ओळीने मांडून बेरीज केली की उत्तर समोर येतं.

“हे मी मुलांपुढे ठेवते, तेव्हा प्रमेय पाठ असलेली निम्मी मुलं आकृतीकडे नुसती बघत राहतात. एकाने तर मला सांगितलं, बाई, हे आयएमपीत नव्हतं. त्याच्या दृष्टीने आकृती बदलली म्हणजे धडाच बदलला. चाळीस दिवसांत तुम्ही त्याला पंचवीस गुण द्याल, यावर माझा विश्वास आहे. माझी तक्रार वेगळीच आहे. ते पंचवीस मिळाल्यावर त्याला आणि त्याच्या आईला वाटेल की भूमिती आली.”

सर वाद घालत नाहीत. चौकोनाची आकृती ते खिशात ठेवतात.

शेवटच्या क्षणीच्या अभ्यासाला नुसती नावं ठेवणं सोपं आहे. तो चालतो, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २००६मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे अभ्यासाला दिले. एक सूर्याविषयी होता, दुसरा समुद्रातल्या पाणमांजरांविषयी. एका गटाने उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्याने एकदाच अभ्यासला आणि मग पुढचे तीन वेळा पुस्तक मिटून आठवेल तेवढं कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानंतर पारडं फिरलं. वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, लिहिणारे ६१वर टिकले. शिवाय आपल्याला चांगलं आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता.

“बघा,” सर लगेच म्हणाले, “पाच मिनिटांचा आकडा माझ्या बाजूने आहे. पेपरच्या सकाळी रिक्षात बसून वही चाळणारा मुलगा मूर्ख नसतो.”

“रिक्षातला नसतो. पण तुमची बॅच रिक्षात भरत नाही ना? २०२५ची दहावी २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि १७ मार्चला संपली. तुम्ही जानेवारीत वाचून घेतलेलं मार्चमध्ये लागणार आहे. तो आठवड्यानंतरचा आकडा आहे, पाच मिनिटांचा नाही.”

इथे बाईंची बाजू जड आहे, आणि ती आजकालची नाही. १८८५मध्ये जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःलाच प्रयोगात घालून अर्थहीन अक्षरगट पाठ केले आणि विसरण्याचं मोजमाप केलं. विस्मरणाचा तो घसरता आलेख प्रसिद्ध झाला. त्याच पुस्तकातली दुसरी नोंद मात्र मागे पडली, आणि पालकांच्या कामाची खरी तीच आहे. बारा अक्षरगटांची यादी आदल्या दिवशी एका बैठकीत ६८ वेळा घोकल्यावर जो परिणाम मिळत होता, तोच तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ आवृत्त्यांनी मिळाला. मेहनत जवळजवळ निम्मी, फळ तेवढंच. प्रिलिमनंतरच्या चाळीस दिवसांत तीन-तीन दिवसांचे तेरा हप्ते बसतात. ‘आता उरलंय काय’ म्हणून एका विषयाला सलग आठ दिवस जुंपलेलं मूल हे सगळं हातचं घालवतं.

म्हणून बॅच भरते की नाही, या प्रश्नापेक्षा त्या बॅचमध्ये मूल काय करतं, हा प्रश्न मोठा आहे. फळ्यावरचं उतरवून घेत असेल, तर त्याचे पैसे आणि संध्याकाळ दोन्ही गेले. कोरा कागद, घड्याळ आणि मिटलेलं पुस्तक घेऊन बसत असेल, तर शेवटचे चाळीस दिवससुद्धा थोडे नाहीत. लातूर पॅटर्नची आठवण इथे काढायला हवी. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात रुजलेल्या त्या पद्धतीला बाहेरच्यांनी घोकंपट्टी म्हणून हिणवलं. पण जादा तास, प्रश्नसंच आणि पुन्हा पुन्हा सराव परीक्षा हाच तिचा कणा होता. मुलाने स्वतः लिहायचं, ते तपासून घ्यायचं, चुकलेलं पुन्हा लिहायचं. आणि तेही वर्षभर. खारघरच्या क्रॅश कोर्सने लातूरकडून प्रश्नसंच उचलले, वर्ष मात्र मागे ठेवलं.

झोपेबाबत दोघांत वाद होईल असं वाटलं होतं, झाला नाही. लॉस एंजेलिसच्या शाळांमधल्या ५३५ मुलांनी नववी, दहावी आणि बारावीत प्रत्येक वेळी चौदा दिवस अभ्यासाची आणि झोपेची रोजनिशी ठेवली. २०१२च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एक गोष्ट स्पष्ट दिसली. ज्या रात्री मूल झोप कापून नेहमीपेक्षा जास्त अभ्यास करतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात न समजण्याची किंवा चाचणी बिघडण्याची शक्यता वाढते. सरांना हा अभ्यास ठाऊक नव्हता, पण अनुभव होता. “रात्री दोनपर्यंत बसलो होतो असं अभिमानाने सांगणारी मुलं सकाळच्या टेस्टमध्ये उणे चिन्ह विसरतात,” ते म्हणाले. “पण पालकांना घरात रात्री दिवा चालू दिसला की बरं वाटतं. त्यांना कोण समजावणार?”

“तुम्ही. फी घेता ना तुम्ही?”

यानंतर सरांनी जो मुद्दा काढला, तो खोडता येत नाही.

“बाई, तुम्ही शाळेत येणाऱ्या मुलांबद्दल बोलताय. माझ्याकडे दर वर्षी दोन-तीन जण बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरलेले असतात. शाळा केव्हाच सुटलेली. कोणी तळोज्याच्या कारखान्यात लागलेला, कोणी गाडीवर पार्सलं पोहोचवणारा. त्यांना बोर्ड संपर्क केंद्र देतं, पण रोज शिकवायला कोण असतं? त्यांचा अभ्यास शेवटच्या महिन्यातच होणार, कारण रजा शेवटच्या महिन्यातच मिळते. आणि नापासांचं काय? २०२५ला दहावीचा निकाल १३ मेला लागला, पुरवणी परीक्षा २४ जूनला सुरू झाली. मधे जेमतेम सहा आठवडे. त्या मुलाला मी सांगू, की बाळा, वर्षभर थोडं थोडं करायला हवं होतंस?”

दहावीची पुरवणी परीक्षा निकालानंतर लगेच घेण्याची सोय २०१५पासून झाली. त्याआधी नापास मुलगा ऑक्टोबरची वाट बघायचा, अकरावीचं वर्ष हातातून जायचं आणि त्यातले कित्येक परत फिरायचेच नाहीत. ही सोय चांगलीच आहे. पण तिने सहा आठवड्यांचा एक अभ्यास अपरिहार्य केला, आणि त्या सहा आठवड्यांत मुलाच्या शेजारी कोणीतरी बसलं पाहिजे. मुंबईच्या रात्रशाळांकडे पाहिलं की हेच जाणवतं. दिवसभर काम करून संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या या मुलांसाठी ‘मासूम’सारखी संस्था २००८पासून काम करते आहे. घाईघाईत केलेला अभ्यास हा त्यांच्या बेशिस्तीचा पुरावा नाही. त्यांच्याकडे तेवढाच वेळ आहे.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “या मुलांची फी किती घेता?”

“सतरा नंबरवाल्यांची? निम्मी. कधी कधी तीही नाही.”

“मग फलकावर त्यांना बोलवा. फलकावर मात्र नव्वद टक्केवाल्यांचे फोटो आहेत.”

दुखरी जागा हीच आहे. २०२५च्या दहावीत राज्यात ९४.१० टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. उरलेल्यांना शेवटच्या महिन्यात आधाराची सगळ्यात जास्त गरज होती. तरी या हंगामी बॅचची जाहिरात त्यांच्याकडे तोंड करून नसते. ती असते ब्याऐंशीवरून नव्वदवर जाऊ पाहणाऱ्यांसाठी, कारण अकरावीचा ऑनलाइन प्रवेश गुणांच्या यादीवर चालतो आणि दोन टक्क्यांनी कॉलेज बदलतं. २०२५मध्ये ही प्रवेशप्रक्रिया सगळ्या राज्यात लागू झाली. केंद्र सरकारच्या त्याच वर्षीच्या पाहणीनुसार देशातले सुमारे २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी लावतात, शहरांत ३०.७ टक्के, खेड्यांत २५.५. शिकवणी ही आता फक्त शहरी श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. कर्ज काढून क्रॅश कोर्स लावणारं घर तळोजा फेज वनमध्येही सापडतं आणि खारघरच्या सेक्टर दहामध्येही.

बारावीनंतरच्या सीईटीची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे सरांना आपल्या धंद्याचा खरा अभिमान आहे. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून १०० प्रश्न, पुन्हा ९० मिनिटांत. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेईई मेन आणि नीटमध्ये बरोबरला चार आणि चुकीला वजा एक, हा हिशेब डोक्यात भिनलेला मुलगा सीईटीतही प्रश्न सोडून येतो. “एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, एवढं एकच वाक्य नीट बसवलं तरी गुण वाढतात,” सर सांगतात. “बारावीचा शेवटचा पेपर आणि सीईटी यांच्यात जो काळ मिळतो, त्यात मी धडा शिकवत नाही. वेग शिकवतो. अभ्यासक्रम बारावीचा ८० टक्के, अकरावीचा २०. ज्याने दोन वर्षं केलंय त्याच्यासाठी तो काळ सोन्याचा आहे.”

“आणि ज्याने नाही केलं?”

“त्याला मी घेऊ नये. पण घेतो.”

सरांनी हे बोलून दाखवलं, याला महत्त्व आहे. दोन वर्षं कॉलेजात नावापुरती हजेरी आणि दिवसभर क्लास, ही ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्था रोखण्यासाठी राज्य सरकारने २०१८मध्ये कनिष्ठ महाविद्यालयांच्या विज्ञान शाखेत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. तरी पालक आजही प्रवेश घेताना पहिला प्रश्न विचारतात तो हजेरीच्या सवलतीचा. प्रयोगशाळेत एकदाही परीक्षानळी न धरता बारावी विज्ञान होणारं मूल आणि शेवटच्या महिन्यात सगळं उरकू पाहणारं मूल, दोघंही एकाच समजुतीतून येतात. शिकणं म्हणजे परीक्षेच्या दारापर्यंत नेणारा जवळचा रस्ता, ही ती समजूत. ती मुलांनी तयार केलेली नाही.

परीक्षा मंडळांना याचा थोडा अंदाज आलेला दिसतो. जेईई मेन २०१९पासून वर्षातून दोनदा होते. सीबीएसईने २०२६पासून दहावीलाही दुसरी संधी देण्याचं ठरवलं आहे. एकाच दिवसावर सगळं टांगलेलं नसलं की आदल्या रात्रीचं ओझं उतरेल, अशी त्यामागची अपेक्षा. सरांना शंका आहे: “दोन परीक्षा झाल्या तर दोन क्रॅश कोर्स होतील.” ही शंका निराधार नाही. चीनने जुलै २०२१मध्ये शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर जवळजवळ बंदीच आणली, तेव्हा काही शिकवणी बंद दाराआड गेली आणि महागली. दक्षिण कोरियात सोल शहराने वेगळा मार्ग धरला. क्लास चालू द्या, पण रात्री दहाला दिवे बंद करा. बाईंना हा सोलचा नियम मनापासून आवडतो.

आपल्याकडे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या किंवा दहावी न झालेल्या मुलाला प्रवेश नाही. रँक आणि गुणांची हमी देणारी जाहिरात नाही. शाळेच्या वेळेत वर्ग नाहीत. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त शिकवणी नाही. मधेच सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत. या सूचना राज्यांकडे पाठवल्या गेल्या. त्यांना कायद्याचं बळ देणं हे राज्यांचं काम आहे.

“पहिली अट अक्षरशः पाळली तर माझा दहावीचा वर्ग उद्या बंद,” सर म्हणाले. “मग तो सतरा नंबरवाला कुठे जाईल? आणि अकरा गुणवाला? शाळेच्या एका वर्गात साठ मुलं असताना त्याच्या चौकटी कोण बघणार?”

“तो माझ्या बाजूचा दोष आहे, मान्य,” बाई म्हणाल्या. “शाळेने प्रिलिमचा पेपर गुण लिहून परत देण्याऐवजी मुलाला समोर बसवून दाखवला असता, तर निम्मी मुलं तुमच्या जिन्याकडे फिरकली नसती. पण बाकीच्या अटींचं काय? फलकावर ‘हमखास नव्वद टक्के’ लिहिलंय ते?”

“ते काढतो.”

“फी परत?”

सरांनी थोडा वेळ घेतला. “प्रमाणात परत करीन. लिहून देतो.”

“पाच तासांचं? तुमची रविवारची बॅच सकाळी सातला सुरू होते आणि दुपारी दोनला सुटते. मी खालून बघते मुलांना. डोळे तारवटलेले असतात.”

सरांनी मोबाइलमधलं वेळापत्रक काढून बदललं. शनिवारी संध्याकाळी तीन तास, रविवारी सकाळी चार; त्यातला निम्मा वेळ मुलांनी पेपर लिहायचा, उरलेला चुका बघायला. नवीन धडा फक्त निर्देशक भूमितीचा, कारण सूत्र हातात आलं की तिथली उदाहरणं लवकर सुटतात. बाईंनी त्यात दर आठवड्याला एक उदाहरण घुसवलं, आयएमपीच्या बाहेरचं आणि आकृती फिरवलेलं. सरांनी आधी नाक मुरडलं, मग होकार दिला.

“आणि पेपरच्या आदल्या दिवशी?”

“आदल्या दिवशी बॅच नाही. ज्याला शंका असेल त्याने संध्याकाळी सातपर्यंत यावं.”

“सहापर्यंत,” बाई म्हणाल्या.